भिकाजीअप्पांची बिनओरखड्याची गाडी

मुलांनो, मांडी घालून नीट बसा आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका. एका जंगलात एक साळिंदर राहत होतं, आणि त्या साळिंदराकडे मोटारगाडी होती. जंगलात मोटार कशी आली, पेट्रोल कुठून यायचं, लायसन कोण द्यायचं, असं विचारायला तोंड उघडलंत ना? म्हणूनच आधी सांगून ठेवलं.

साळिंदराचं नाव भिकाजीअप्पा. गाडी डाळिंबी रंगाची, चार दारांची. आख्ख्या जंगलात तशी दुसरी नव्हती. तशी कशाला, दुसरी गाडीच नव्हती.

अप्पांचा गाडीवर फार जीव. पण पंचाईत अशी, की साळिंदराच्या अंगावर काटे असतात. जरा प्रेमाने टेकायला जावं, तर पत्र्यावर रेघ ओढली जाणार. म्हणून गाडीजवळ जायचं असलं की अप्पा अंगाला गोधडी गुंडाळून घेत. भर उन्हाळ्यातसुद्धा. गाडी पुसायची ती लांब बांबूला फडकं बांधून, पाच हातांवरून. घेऊन चार वर्षं झाली तरी सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. गाडी बाहेर पडायची ती वर्षातून एकदा, दसऱ्याला. कोपऱ्यावरच्या वडापर्यंत जायची आणि उलटी परत यायची.

अप्पांची एक थोरली बहीण होती. येसाक्का तिचं नाव. लहानपणी आईबाप वणव्यात गेले, तेव्हा ह्या येसाक्कानेच अप्पांना वाढवलं होतं. स्वतः अर्धपोटी राहून तिने ह्यांना कंदमुळं भरवली. पुढे तिला नदीपलीकडे, दोन डोंगर ओलांडून दिली. गाडी आली तेव्हा अप्पांनी मोठ्या तोऱ्यात निरोप धाडला होता, "आक्का, आता तुला माहेरी आणीन तर गाडीतूनच. चालत यायचं नाही."

तेव्हापासून आक्का वाट बघत होती. पहिल्या वर्षी अप्पा म्हणाले, रस्त्याला खडे फार आहेत, पत्र्याला उडतील. दुसऱ्या वर्षी धूळ होती. तिसऱ्या वर्षी करवंदीच्या जाळ्या रस्त्यावर आल्या होत्या. चौथ्या वर्षी आक्काचाच निरोप आला. "गुरुवारी दुपारी नावेतून उतरून तुमच्या बाजूच्या घाटावर बसते. गाडी घेऊन ये. गुडघे गेलेत माझे. यंदा नाही जमलं, तर परत काही माझ्याच्याने येणं व्हायचं नाही."

निरोप ऐकून अप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत. गुरुवारी पहाटेच उठले, अंघोळ केली, गोधडी गुंडाळली आणि अंगणात आले. बघतात तर गाडीचं मागचं डावं चाक बसलेलं. चाकात काटा होता. काटा कोणाचा होता ते सगळ्यांना दिसत होतं. पण तसं तोंडावर कोण बोलणार?

डिकीत स्टेपनी होती, पाना होता आणि जॅक होता. हा जॅक एकदाच बाहेर आला होता, खंडेनवमीला. त्या दिवशी अप्पांच्या बायकोने, गिरजाकाकूंनी, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि परत डिकीत ठेवून दिला. वापरायचा असतो हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

अप्पांनी जॅक उचलला. गाडीच्या खाली वाकून पाहिलं. जिकडे बघावं तिकडे पत्रा. इथे लावला तर चेपेल, तिथे लावला तर रंग जाईल. अप्पांनी जॅक परत खाली ठेवला.

तेवढ्यात शेजारची रखमा घोरपड तिथून चालली होती. घोरपडीचं सगळं आयुष्य जमिनीला पोट लावून जातं. त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूची खालची बाजू तिला पाठ असते.

"काय झालं अप्पा?" तिने विचारलं.

"पंक्चर."

"मंग उचला की. अर्ध्या तासाचं काम."

ती सरपटत गाडीखाली शिरली आणि दुसऱ्या अंगाने बाहेर आली.

"ह्यो बघा, दाराखाली कडंला जाड पट्टी हाय. मागच्या चाकाच्या जरा म्होरं त्या पट्टीला दोन खाचा हायत. त्या दोन खाचांच्या मधी जॅक लावायचा. बनवणाऱ्यानं तेवढ्यासाठीच ती जागा भक्कम केलीया. वर लाकडाचा चपटा ठोकळा घाला, रंगबी जायाचा न्हाई. पर आदी हॅण्डब्रेक वढा, म्होरल्या चाकांना दगड लावा, आन् चाकाचं नट जमिनीवरच ढिलं करून घ्या. मंगच उचला. आन् उचलल्यावर खाली कुनी शिरायचं न्हाई."

अप्पांनी वाकून पाहिलं. खरंच पट्टी होती. खरंच दोन खाचा होत्या. अप्पांना पटलं.

हे लक्षात ठेवा मुलांनो, अप्पांना पटलं होतं. पण पटलेली गोष्ट लगेच करून टाकायची, अशी त्या जंगलात पद्धत नव्हती. तिथे चारचौघांना विचारल्याशिवाय कोणी शिंकतसुद्धा नसे.

"रखमा," अप्पा म्हणाले, "तुझ्याकडे गाडी आहे?"

"न्हाई."

"कधी होती?"

"न्हाई."

"मग एकदा जाणकारांना विचारलेलं बरं."

रखमा कुंपणाशी उन्हात जाऊन पडली.

अप्पांनी बोलावणं पाठवलं. पहिले आले बळवंतराव हत्ती. ते अध्यक्ष होते. कशाचे ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण जिथे चार जण जमतील तिथे तेच अध्यक्ष असत. मागोमाग मनोहरपंत वानर आले. सहलीला आलेल्या कोणाचा तरी मोबाईल त्यांना झाडाखाली सापडला होता. त्यावर गाडी उचलण्याचे पाचशे व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. स्वतः कधी पाटीसुद्धा उचलली नव्हती, पण त्याने काय बिघडतं?

दोघे आले आणि बघता बघता त्यांची समिती झाली. पत्रा संरक्षण व गाडी उत्थान समिती.

"शुभकार्य आहे," बळवंतराव म्हणाले. "आधी नारळ फोडू."

गिरजाकाकूंनी नारळ आणला. बळवंतरावांनी सोंडेत धरून तो उंच नेला, तसे अप्पा ओरडले, "थांबा! करवंटी उडाली आणि दाराला लागली तर?"

सगळे गंभीर झाले. खरंच की. मग असं ठरलं, की नारळ गाडीपासून सुरक्षित अंतरावर फोडावा. सुरक्षित अंतर किती, ह्यावर चर्चा झाली. शेवटी समिती समोरच्या टेकडीवर गेली, तिथे नारळ फोडला, प्रसाद वाटला आणि परत आली. सूर्य तोवर चांगला कासराभर वर आला होता.

"आता मान्यवरांचा सत्कार," बळवंतराव म्हणाले.

मान्यवर म्हणजे ते आणि मनोहरपंत. काकूंनी घरातल्या दोन शाली आणल्या. मनोहरपंत आपल्या शालीत संपूर्ण बुडाले. बळवंतरावांच्या शालीने त्यांचा एक कान कसाबसा झाकला. मग दोघांनी सत्काराला उत्तर दिलं.

मनोहरपंत म्हणाले, "बंधूंनो, गाडी उचलण्याच्या जगात सतरा पद्धती आहेत. त्यापैकी जपानी पद्धत मला विशेष भावते."

"ती कशी असते?" अप्पांनी विचारलं.

"भाषा कळली नाही. पण त्यांचे चेहरे फार शांत होते."

मग समितीने शांत चेहरे केले. कुंपणापाशी रखमाने एक डोळा उघडला आणि मिटला.

"मूळ मुद्दा असा," मनोहरपंत पुढे म्हणाले, "की लोखंड पत्र्याला लागताच कामा नये. मध्ये काहीतरी मऊ हवं."

"लाकडाचा ठोकळा घाला," रखमा म्हणाली.

"बाई, श्रोत्यांनी मध्ये बोलू नये," बळवंतराव म्हणाले. "आणि लाकूड काय मऊ असतं?"

अप्पांना हे एकदम पटलं. मऊ म्हटल्यावर त्यांना धीरच आला. जॅकवर घडी घातलेली गोधडी ठेवली. दांडा फिरवला. जॅक वर गेला, गोधडी चेपली, गाडी होती तिथेच. दुसरी गोधडी घातली. जॅक वर गेला, दोन्ही गोधड्या चेपल्या, गाडी होती तिथेच. तिसरी आली. चौथी आली. काकूंच्या लग्नातली गादी आली. दोन उशा आल्या. जॅक आपला टोकापर्यंत वर जायचा, गाडी हूं की चूं करायची नाही.

"प्रगती आहे," बळवंतराव म्हणाले. "पत्र्याला काही झालेलं नाही."

ऊन डोक्यावर आलं. गिरजाकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, वन्सं घाटावर येऊन बसल्या असतील. तिथे धड सावलीही नाही. मी जाते आणि हाताला धरून हळूहळू घेऊन येते."

घाटावरच्या त्या तापल्या दगडांवर आक्का बसलीय, प्रत्येक आवाजाला मान वर करून बघतेय, असं अप्पांच्या डोळ्यांपुढे आलं. ते उठलेसुद्धा.

आणि परत बसले.

"चालत कसं आणायचं? गाडीतून आणीन असा शब्द दिलाय मी तिला. माझा शब्द जाईल."

"आणि वन्सं?"

"थोडं राहिलंय आता."

काकू आत गेल्या. पण कुंपणापाशी रखमा उठली, नदीच्या वाटेकडे वळली आणि झाडीत दिसेनाशी झाली. समितीच्या ते लक्षात आलं नाही. ती चहा घेत होती.

चहानंतर कामाला वेग आला. बळवंतरावांनी सोंडेने गाडी उचलून धरायची तयारी दाखवली, तेव्हा अप्पांना घेरी आली. त्यांच्या तोंडावर पाणी मारावं लागलं. मग मनोहरपंतांना अकराव्या गोधडीवर यश आलं. अकरा गोधड्या दाबून दाबून दगडासारख्या घट्ट झाल्या, आणि त्यावर गाडीचा मागचा कोपरा वीतभर उचलला गेला. दगडासारखी घट्ट गोधडी म्हणजे जवळजवळ लाकडाचा ठोकळाच, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मीही मुद्दाम सांगत नाही.

टाळ्या पडल्या. उचलल्या कोपऱ्याखाली ओंडका सरकवला. ओंडक्यावर उशी.

तेवढ्यात बळवंतरावांनी भुवया जवळ आणल्या.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. "एकाच चाकाला वर घ्यायचं आणि बाकीच्या तिघांनी जमिनीवर बसायचं? हा पक्षपात आहे. माझ्या अध्यक्षतेखाली असं होणार नाही."

"पण पंक्चर एकच चाक आहे," अप्पा म्हणाले.

"आज एक आहे, अप्पा."

ठराव झाला. जॅक आणि अकरा गोधड्या चारही कोपऱ्यांना फिरल्या. चार ओंडके, चार उशा. सूर्य कलायला लागला तेव्हा आख्खी गाडी हवेत होती. सरळ, ऐटबाज, डाळिंबी. अप्पांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. एक ओरखडा नाही. एक पोचा नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"चला, आता चाक बदलू," ते म्हणाले.

मनोहरपंतांनी नटाला पाना लावला आणि जोर केला. नटाबरोबर चाक फिरलं. परत जोर केला. परत चाक फिरलं. हॅण्डब्रेक ओढलेला नव्हता. तारेला उगीच ताण बसतो म्हणून अप्पांनीच तो ओढू दिला नव्हता. मग हॅण्डब्रेक ओढला. चाक धरलं गेलं खरं, पण आता पान्यावर जोर दिला की सगळी गाडी उशांवर डुलायला लागली.

"पत्रा! पत्रा!" अप्पा किंचाळले. मनोहरपंतांनी पाना टाकून झाड गाठलं.

"नट आधी ढिले करायचे होते," अप्पा कपाळाला हात लावून म्हणाले. "रखमा म्हणाली होती."

"मग खाली घ्या, ढिले करा, परत उचला," आतून गिरजाकाकू ओरडल्या.

समितीने मान हलवली. बळवंतराव म्हणाले, "खाली घेताना हादरा बसतो. त्याची जबाबदारी कोण घेणार?"

"आणि तांत्रिक अडचण आहे," झाडावरून मनोहरपंत म्हणाले. "उचलण्याचे मी पाचशे व्हिडिओ पाहिलेत. उतरवण्याचा एकही पाहिलेला नाही."

मग बळवंतरावांनी समारोप केला. ते म्हणाले, की गाडी सुरक्षित उचलणे हे समितीचं काम होतं आणि ते उत्तम पार पडलं आहे. आता ह्या गाडीला दगड लागणार नाही, धूळ लागणार नाही, कोणी घासून जाणार नाही. जगातल्या कुठल्याही गाडीपेक्षा ही गाडी सुरक्षित आहे. सर्वांचे आभार. एवढं बोलून ते कानावरच्या शालीसकट घरी गेले. मनोहरपंत मात्र देखरेखीसाठी झाडावरच थांबले.

अप्पा अंगणात एकटेच बसले. अंगावर गोधडी, डोक्यात काहूर. आता घाटावर जावं, तर कोणत्या तोंडाने? न जावं, तर आक्का?

एवढ्यात वाटेवर काठीचा आवाज आला.

येसाक्का चालत येत होती. चार पावलं टाकायची, थांबायची, गुडघ्याला हात लावायची, परत चार पावलं. काट्यांवर धूळ बसून ती पांढरी झाली होती. तिच्यापुढे रखमा घोरपड होती. आक्काचं बोचकं तिने पाठीवर घेतलं होतं.

"सांजपतोर बसली असती म्हातारी," रखमा म्हणाली. बोचकं ओट्यावर ठेवलं आणि आपल्या घरी निघून गेली.

अप्पा उठले. पायांवर डोकं ठेवायला वाकले.

आक्काने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलास रं भिका," ती म्हणाली. मग तिची नजर वर गेली. "ही व्हय ती गाडी?"

"होय आक्का."

"बाई, बाई. केवढी उंच असती."

अप्पांनी मान खाली घातली.

"बसू का रं आत? चार वरसं झाली, बसायचं म्हंते."

अप्पा धावत शिडी घेऊन आले. शिडी गाडीला टेकू नये म्हणून तिच्या टोकांना फडकी बांधली. आक्काने काठी खाली ठेवली आणि पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं.

"थांब आक्का," अप्पा म्हणाले.

त्यांनी अंगावरची गोधडी काढली आणि आक्काच्या अंगाभोवती गुंडाळली. काटे नीट आत घेतले. एकही बाहेर राहिला नाही ना, हे दोनदा पाहिलं. मग स्वतःसाठी दुसरी आणली.

"किती काळजी करतोस रं माझी," आक्का म्हणाली. "ऊन उतरल्यावर गार वारं सुटतंच."

मुलांनो, ह्या ठिकाणी मला अप्पांचा राग येतो. पण त्यांना स्वतःचा जेवढा आला होता, तेवढा नाही.

दोघं आत बसली. प्लास्टिक करकरलं. आक्काने समोर पाहिलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "चालव."

अप्पांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. गिअर टाकला. हवेत पुढची चाकं भिरभिर फिरायला लागली. गाडी थरथरली.

"चालली का?"

"चालली, आक्का."

आक्का खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिचे गुडघे गेले होते, डोळे चांगले होते. समोर वड होता. बऱ्याच वेळानेही वडच होता. तिने वडाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. ज्याला आपण हाताने भरवलं, त्याला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं.

"बेस चालतीया," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने म्हणाली, "भिका, दर वरसाला मी घाटाकडं डोळं लावून बसायची. गाडीसाठी न्हवं रं. गाडी मी काय करू? तू येशील म्हून बसायची."

अप्पांना रडू फुटलं. स्टीअरिंगवर डोकं ठेवून ते हमसून हमसून रडायला लागले. आक्का त्यांची पाठ थोपटत राहिली. गोधडीवरूनच.

"अहो अप्पा!" झाडावरून मनोहरपंत ओरडले. "हादरा बसतोय! मागची उशी सरकतेय! पत्रा!"

अप्पांनी रडता रडता झटकन चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. चाकं हळूहळू थांबली.

येसाक्काने पदर सारखा केला, दार उघडलं आणि शिडीवर पाय ठेवला.

"पोचलो वाटतं," ती म्हणाली.

तात्पर्य : पत्र्याला जिवापाड जपावं. पत्रा एकदा चेपला, की पहिल्यासारखा होत नाही. बहिणीचं तसं नसतं. ती चालतही येते.